धोंड्याच्या महिन्यातला व्हिस्की सावर

१७ मे, रविवार. सायं. ७.१०

आजपासून अधिक महिना लागला. आजपासून रोजनिशीही सुरू. वही शाळेच्या प्रयोगशाळेतली, कोरं जर्नल. चोरलेली नाही. बावीस वर्षं तिथे प्रयोगशाळा सहायक आहे, एखादी वही इकडची तिकडे होणारच.

वाईला सासुरवाडीला जाऊन आलो. सासूबाईंनी, म्हणजे शालूबाईंनी, दोन्ही जावयांना ७ जूनला धोंडे जेवायला बोलावलंय. तीन वर्षांतून एकदा जावयाला नारायण समजायची संधी सासरच्यांना मिळते. तेहतीस अनारसे, टॉवेल-टोपी, पुरण भरलेले धोंडे. मला स्वतःला या मानपानाचं अजिबात काही नाही. गेल्या खेपेला धैर्यशीलचा टॉवेल माझ्यापेक्षा मोठा होता, एवढंच लक्षात आहे.

धैर्यशील माझा साडू. सांगलीत बेदाण्याचा व्यापार, पांढरी मोठी गाडी. सासरे त्याला 'आमचं धैर्यशील' म्हणतात. मला 'साताऱ्याचं पाव्हणं'. लग्नाला चोवीस वर्षं झाली. माझं नाव बाळासो. ते त्यांना माहीत आहे की नाही, अशी अलीकडे मला शंका येते.

तर आज सासरे (जोतिबा, रिटायर्ड सुभेदार, वय एक्याऐंशी) मूडमध्ये होते. पठाणकोटला ऑफिसर मेसमध्ये हवालदार असतानाच्या गोष्टी सांगत होते. तिथले कर्नलसाहेब रोज संध्याकाळी व्हिस्की सावर घ्यायचे. वर पांढरा फेस, फेसावर चेरी. 'नऊ वर्सं ट्रेमधनं न्हेला, पन कसा लागतोय ते कवा कळलं न्हाई,' म्हणाले. 

मी म्हणालो, मी करून देतो.

का म्हणालो माहीत नाही, पण म्हणालो. धैर्यशील हसला. सासरे उठले, ट्रंक उघडली, मिलिटरी कँटीनची सीलबंद व्हिस्की काढली आणि माझ्या हातात दिली. 'घ्या पाव्हणं. ह्या म्हैन्याच्या कोट्यातली हाय. सात तारखेला ह्यातलाच करायचा.'

संकल्प: ७ जूनला सासऱ्यांनी रिकामा ग्लास खाली ठेवून म्हटलं पाहिजे, 'वा, बाळासो.' दोनच शब्द. याहून जास्त अपेक्षा नाही.

१८ मे, सोमवार. स. ११

मोबाइलवर चौदा व्हिडिओ पाहिले. साहित्य: व्हिस्की ६० मिली, लिंबाचा रस ३०, साखरेचा पाक २०, अंड्यातलं पांढरं, बर्फ. कृती: बंद भांड्यात घालून जोरात हलवणे. हे तर आठवीचं प्रॅक्टिकल झालं. लोक यासाठी परदेशात कोर्स करतात म्हणे.

एकच अडचण. बायकोने, म्हणजे रेश्माने, अंड्याचं नाव ऐकलं मात्र, लाटणं घेऊनच बाहेर आली. 'धोंड्याच्या म्हैन्यात माज्या वट्यावर अंडं आलं, तर तुमी आनि अंडं दोगंबी भाईर.' मी शांतपणे निदर्शनाला आणलं की घरात व्हिस्कीही आहे. त्यावर ती म्हणाली, ती आबांची (म्हणजे सासऱ्यांची) आहे, शिवाय धान्याची आहे. अंडं ते अंडं. हा युक्तिवाद वहीत नोंदवून घेतला.

बाटलीवर काचपेन्सिलने रेघ मारली. ७५० मिली. नियम: दर चाचणीला फक्त १० मिली. मी तसा पिणाऱ्यातला नाही. सुट्टी आहे, वेळ आहे, डोकं आहे, तेव्हा तीन आठवडे भरपूर झाले.

२० मे, बुधवार. दु. ४.३०

रेश्मा अधिक महिन्याची पोथी ऐकायला रोज चार ते सहा देवळात जाते. म्हणजे चार ते सहा स्वयंपाकघर माझं.

प्रयोग क्र. १. उद्देश: मूळ चव तपासणे. पाकाऐवजी काकवी घेतली. गावाकडून डबा आलाय. परदेशी लोकांना काकवी मिळत नाही म्हणून बिचारे साखर वापरतात. निरीक्षण: १० मिली जिभेला कळतच नाही. कळलं नाही तर तपासणार काय? म्हणून ६० घेतले. रंग नांगरटीनंतरच्या ओढ्यासारखा. चव चांगली. खात्रीसाठी पुन्हा केला. चव फार चांगली.

अनुमान: प्रगती समाधानकारक.

२२ मे, शुक्रवार. सायं. ६.४५

हलवायला शेकर नाही. रेश्माचा स्टीलचा डबा घेतला तर कोपरापर्यंत काकवी आली. मग शाळेतून तात्पुरता आणलेला शंकूच्या आकाराचा फ्लास्क आणि रबरी बूच वापरलं. परिपूर्ण. त्यात थोडा सोडाही घातला. सोडा घालून हलवायचं नसतं, ही माहिती व्हिडिओवाले अगदी शेवटी देतात, ही त्यांची चूक. बूच सुटलं ते थेट कॅलेंडरवर. जून महिन्याला भोक, काकवी छताला.

उरलेलं सांडू नये म्हणून तिथल्या तिथे घेतलं.

सव्वासहाला रेश्मा आली, छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, 'रोज एवढं टेस्टिंग लागतंय व्हय?' मी म्हणालो, शास्त्रात घाई चालत नाही.

२४ मे, रविवार. सायं. ५

फेसाचा प्रश्न. अंडं नाही तर फेस नाही. फेस नाही तर तो सावर नाही, नुसतं बिघडलेलं सरबत. विचार केला: निसर्गात फेस कशाला येतो? रिठ्याला! रिठा वनस्पती आहे, अधिक महिन्यात चालतो, रेश्मा केसांना लावते. दोन रिठे भिजवले.

निरीक्षण: फेस अप्रतिम. डोंगरासारखा. ग्लासबाहेर आला, ओट्यावर गेला. चव लिहिण्यासारखी नाही. एक घोट गिळला आणि अर्धा तास ढेकराबरोबर बुडबुडे. तोंड धुवायला नुसती व्हिस्की वापरावी लागली. हा वापर औषधी होता, चाचणीत धरलेला नाही.

२७ मे, बुधवार. स. ९

बाटली निम्म्याच्या खाली! प्रथम विश्वास बसला नाही. मग लक्षात आलं, साताऱ्याची हवा कोरडी, त्यात मे महिना, आणि अल्कोहोल हवेत लवकर उडतं. हे मी मुलांना दरवर्षी प्रत्यक्ष दाखवतो. बाष्पीभवन.

संकल्प: दोन दिवस बाटलीला हात लावायचा नाही. झाकण घट्ट.

२८ मे, गुरुवार. दु. ४.१५

झाकण घट्ट आहे का ते पाहायला उघडलं. उघडल्यावर बाष्पीभवन सुरू होतं, म्हणून तेवढा भाग वाचवला. दोन ग्लास.

३० मे, शनिवार. दु. १२.३०

शोध लागला!! हात थरथरतोय. (सकाळपासून काहीही घेतलेलं नाही.)

आज पौर्णिमा लागते म्हणून रेश्मा पुरणपोळ्या करतेय. तिने शिजलेल्या हरभऱ्याच्या डाळीचं पाणी, म्हणजे कट, पातेल्यात ओतला आणि त्याला वर फेस आला. पांढरा, दाट, टिकणारा. बायका शेकडो वर्षं हा कट काढून त्याची आमटी करतायत, आणि एकीच्याही डोक्यात आलं नाही की यात व्हिस्की घालावी.

लगेच प्रयोग. व्हिस्की, लिंबू, काकवी, गार कट, दोन पळ्या. फ्लास्क शंभर वेळा हलवला. फेस बोटभर जाड आणि नऊ मिनिटं टिकला. घड्याळ लावून. वर चेरी म्हणून काळंभोर करवंद. चव... मला खरंच भरून आलं. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या परीक्षानळ्या धुतल्या. हा माझा प्रयोग होता.

चार वेळा करून पाहिला. चारही वेळा आला.

रेश्माने विचारलं, आमटीचा कट कुठं गेला. मी म्हणालो, इतिहासात. आज आमटी झाली नाही.

२ जून, मंगळवार. स. १०

धैर्यशीलचा फोन. खवचटपणे विचारत होता, सावर कुठवर आला. मी म्हणालो, तयार आहे, तू फक्त ग्लास धर. मग तो म्हणाला, 'आवं, चेष्टा न्हाई, आबा लय वाट बघत्यात. पारावर समद्यास्नी सांगत्यात, जावई मेसवाला सावर पाजनार हाय म्हनून.'

मी विचारलं, कुठला जावई म्हणतात?

धैर्यशील म्हणाला, तेवढं विचारलं नाही.

 म्हातारा माणूस दिवस मोजतोय. आता चुकून चालणार नाही. जबाबदारीच्या जाणिवेने घसा कोरडा पडला, म्हणून एक छोटा केला. मग दुसरा, कारण पहिल्यात करवंद टाकायचं राहिलं होतं.

४ जून, गुरुवार. सायं. ५

बाटलीत दोन बोटं. फक्त दोन. आडवी.

बाष्पीभवन असं रातोरात होत नाही. कुणीतरी पितंय. घरात दोनच माणसं, त्यातला मी चाचणी घेतो. म्हणजे उरली रेश्मा. दुपारी जेवताना सहज विषय काढला की आजकाल तू जरा जास्त बडबडतेस. ती भाकरी थापायची थांबली. पुढे काय बोलली ते लिहीत नाही. संशय मागे घेतलाय.

५ जून, शुक्रवार. दु. १

नवी बाटली घेणे हा सरळ मार्ग. पण शाळेचा माणूस, शहर लहान. हेल्मेट घालून वाइन शॉपमध्ये गेलो, काच खाली. काउंटरवर साईराज निघाला. दहावीत माझ्या हातचा ब्युरेट फोडणारा. मोठ्याने ओरडला, 'सर! नमस्कार! हेल्मेट काडा की, हितं ऊन न्हाई.' रांगेतली सगळी माणसं वळली. त्यातले दोघे पालकसभेला येणारे.

मी म्हणालो, घर बदलतोय, रिकामे खोके आहेत का विचारायला आलो.

साईराजने चार खोके दिले. दोरीने बांधूनही दिले. गाडीवर खोके घेऊन घरी आलो. रेश्मा दारात होती. चारही खोक्यांवर दारूची नावं. तिने खोके मोजले आणि आत गेली.

६ जून, शनिवार. स. ११.२०

सकाळी दोन बोटांतलं एक बोट पाहून घेतलं, चव बदलली तर नाही ना. नाही बदललेली.

आता शांत डोक्याने विचार. सासऱ्यांनी व्हिस्की सावर कधी चाखलेला नाही. म्हणजे तो कसा लागतो हे त्यांना माहीत नाही. म्हणजे तुलनेचा प्रश्नच येत नाही. मुख्य गोष्ट फेस, आणि फेस माझा आहे.

कोरा चहा केला, पावडर जरा जास्त. गाळून, गार करून बाटलीत भरला. रंग जुळवणं हे माझं रोजचं काम. उजेडात धरून पाहिली, तंतोतंत. सुभेदाराला काय, कर्नललाही ओळखू येणार नाही.

याला फसवणूक म्हणत नाहीत. विरल द्रावण म्हणतात.

७ जून, रविवार. स. ११.४०. वाई, माजघर

सगळं जुळून आलंय. फ्लास्क घरी राहिला, पण बिघडलं काही नाही. सासूबाईंकडे फिरकीचा तांब्या आहे, काशीला नेलेला. आट्यांचं झाकण, थेंब सांडत नाही. आपल्या पूर्वजांनी शेकर कधीच करून ठेवला होता. कट मागच्या पडवीत मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलाय, येताना पाहिलं. करवंदं वाईच्या बाजारातून घेतली.

सासरे दाढी करून, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ओसरीत बसलेत. समोर एक काचेचा ग्लास उपडा. मी आल्यावर म्हणाले, 'आलं का साताऱ्याचं पाव्हणं.' म्हटलं, थांबा. अर्धाच तास थांबा.

७ जून, सायं. ५.५०. एसटीत

अक्षर वाईट आहे. बस हलतेय.

झालं ते क्रमाने लिहितो.

पडवीत घाईघाईने पातेल्यातून दोन पळ्या घेतल्या. अंधार होता. तांब्यात चहा म्हणजे व्हिस्की, लिंबू, काकवी, बर्फ, कट. शंभर वेळा हलवला. मग झाकण निघेना. काकवीने आटे चिकटले. टॉवेलने धरलं, धोतराने धरलं, गुडघ्यात धरलं. पाच मिनिटं झाली. धैर्यशील आला, एका हाताने फिरवलं, निघालं. ओसरीतून सासरे म्हणाले, 'आमचं धैर्यशील.' मी ते मनावर घेतलं नाही.

फेस आला. जरा लालसर. परदेशात फेसावर बिटर्स नावाच्या कडू अर्काचे लाल थेंब टाकतात, तसाच दिसत होता, त्यामुळे मी उलट खूश झालो. करवंद ठेवलं. ट्रेमध्ये त्यांचाच ग्लास घेतला, डावा हात पाठीमागे, जसं ते मेसमध्ये न्यायचे. सासऱ्यांनी ग्लास उचलला आणि नुसता बघत राहिले.  डोळे भरल्यासारखे वाटले. मग मोठा घोट घेतला. मिशीला फेस लागला.



सासऱ्यांनी घोट जिभेवर घोळवला. गिळला. हळूहळू म्हणाले, 'लिंबू हाय.' मग, 'काकवी हाय.' मग, 'चा हाय.' मग दुसरा घोट घेऊन, अगदी खात्री झाल्यावर, 'आमटी हाय.'

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज: 'आगं, माज्या आमटीत पळी कुनी घातली गं?'

पातेल्यात कट नव्हताच. कट सकाळीच आमटी झाला होता. कांदा-लसूण नाही, महिना पाळतात, पण मसाला आणि आमसूल व्यवस्थित.

मग सासरे माझ्याकडे वळले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा, स्पष्ट, परेडवर देतात तशा आवाजात:

'बाळासो. दारू कुठाय?'

मी म्हणालो, टेस्टिंगला लागली.

'समदी?'

समदी, मी म्हणालो.

धैर्यशील हसून हसून पाटावरून घसरला. मेहुणी सोनिया तोंडाला पदर लावून आत पळाली. सासरे मात्र हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी तो ग्लास शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, करवंद खाल्लं, मिशी पुसली. 'मेसमदी वाया घालवायचं नसतंय,' म्हणाले आणि जेवायला उठले. धोंडे कसे झाले होते, मला आठवत नाही.

पाचवड आलं. रेश्मा खिडकीबाहेर बघत म्हणाली, 'आबांनी काल त्यो गिलास सवता राखंनं घासून ठिवला हुता. आईला हात लावू दिला न्हाई.'

मला वाईट वाटलं. लिहून ठेवतो, खरंच वाईट वाटलं. बारा-तेरा वेळा केला असेन, आणि प्रत्येक वेळी चाखणारा मीच. रेश्मालाही कधी एक घोट विचारला नाही.

पण शास्त्रीय दृष्टीने पाहिलं तर प्रयोग पूर्ण फसला असं म्हणता येत नाही. 'वा, बाळासो' या दोन शब्दांपैकी एक शब्द मिळालेला आहे. आणि दोन्हींतला अवघड तोच होता.

८ जून, सोमवार. स. ९.१५

सकाळी उठून ठरवलं. सरळ फोन करायचा, माफी मागायची, नवी बाटली घेऊन पुढच्या रविवारी एकटाच वाईला जायचं. साईराजला सांगितलं तर तो घरपोच देईल. कट रेश्मा काढून देते म्हणालीय. काल त्यांनी नाव घेतलंच आहे, तेव्हा आता बोलताना एवढा संकोच राहणार नाही. पुष्कळ अंतर कमी झालंय.

फोन लावला. सासूबाईंनी उचलला. मायेने विचारपूस केली, नीट पोचला का, पोट बरं आहे का. मी म्हणालो, मामांना द्या जरा.

त्या आत वळून मोठ्याने म्हणाल्या, 'आवं, बाळासोंचा फोन हाय.'

आतून सासऱ्यांचा आवाज आला.

'कोन बाळासो?'